घासाघीस नेमकी कुठल्या आकड्यावर करायची?

मेलबर्नच्या मध्यापासून आग्नेयेला सुमारे 19 किलोमीटरवर क्लेटन हे उपनगर आहे. मोनॅश विद्यापीठाचा मुख्य परिसर इथलाच. 1961 मध्ये तिथे वर्ग सुरू झाले आणि आज जगभरातल्या विद्यार्थ्यांनी तो गजबजलेला असतो. पुणे-नाशिककडून शिकायला आलेली मुलं-मुली दिवसा वर्ग आणि रात्री अर्धवेळ नोकरी असं वेळापत्रक सांभाळतात. शेवटची बस निघून गेली की प्रश्न पडतो, आणि मग दुचाकीचा विचार सुरू होतो. व्हिक्टोरिया राज्यात चालणाऱ्यांची वाट न अडवता फुटपाथवर बाईक उभी करता येते, त्यामुळे पार्किंगचा मोठा खर्चही वाचतो.

शोरूममध्ये गेल्यावर अनेकदा ओळखीचीच गाडी समोर दिसते. केटीएम 390 ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड 400 या दोन्ही बाईक बजाज ऑटो चाकणमध्ये तयार करते आणि तिथून त्या परदेशी जातात. गाडी आपल्याकडची असली तरी तिचा भाव मात्र रुपयांत करून पाहू नये. भारतात 350 सीसीवरच्या बाईकला सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी लागतो, ऑस्ट्रेलियात जीएसटी 10 टक्के आहे. नोंदणी, विमा, वाहतूक, दुकानाचा खर्च सगळंच वेगळं. तुलना करायची तर मेलबर्नमधल्याच दोन दुकानांची करावी.

पण त्याआधी आपल्याला कुठली गाडी चालवायची परवानगी आहे ते बघावं. शिकाऊ आणि नव्या परवानाधारकांना इथे ठरावीक यादीतल्याच बाईक चालवता येतात. इंजिन 660 सीसीपर्यंत आणि ताकद वजनाच्या दर टनामागे 150 किलोवॅटपर्यंत, अशी ती मर्यादा. यादीबाहेरची बाईक कितीही स्वस्तात मिळाली तरी नव्या चालकाच्या उपयोगाची नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे एक्स-शोरूम आणि ऑन-रोड असे दोन भाव असतात, तसेच इथेही असतात. सगळे खर्च धरून गाडी रस्त्यावर आणण्याच्या किमतीला इथे ‘राईड-अवे’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार जाहिरातीत भाव तुकड्या-तुकड्यांत दाखवला, तर एकूण किंमतही तितकीच ठळक दाखवावी लागते. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा, “सगळं धरून राईड-अवे किती पडेल?” आणि उत्तर कागदावर मागावं.

त्या कागदावरच्या ओळी दोन गटांत वाटून घ्याव्यात. पहिला गट सरकारी. नोंदणी शुल्क, मुद्रांक शुल्क आणि अपघातातल्या शारीरिक इजेचा सक्तीचा विमा, म्हणजे टीएसी शुल्क. हे शुल्क इंजिनाचा आकार आणि गाडी राहते तो भाग यावर ठरतं. 126 सीसी आणि त्यावरच्या बाईकला मोटारसायकल सुरक्षा अधिभारही द्यावा लागतो. या ओळींवर विक्रेता काहीही कमी करू शकत नाही, तेव्हा तिथे शब्द खर्च करू नयेत.

दुसरा गट दुकानाचा. गाडीची मूळ किंमत, ‘डीलर डिलिव्हरी’, तयारीचा खर्च, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी. घासाघीस करायची ती इथे. समजा, एक दुकानदार गाडीवर 500 डॉलरची सूट देतो, पण डिलिव्हरीचे 900 लावतो. दुसरा सूट देत नाही, पण डिलिव्हरीचे 250 घेतो. सूट पाहून आपण पहिल्याकडे जातो, आणि 150 डॉलर जास्त मोजून बाहेर पडतो. म्हणूनच सवलतीच्या आकड्याकडे न पाहता शेवटच्या बेरजेकडे पाहावं.

भाव केव्हा करायचा, यालाही महत्त्व आहे. आपण पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घेतो, तेव्हा शोरूममध्ये रांग असते आणि विक्रेत्याला भाव उतरवायची गरज नसते. इथलं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. वर्षअखेरची विक्री वाढवायची घाई असते, आणि तेव्हाच मेलबर्नचा गारठा आणि पाऊस असल्यामुळे बाईक घेणारे कमी असतात. फेब्रुवारीत उन्हाळ्याच्या शेवटी आलेल्या विद्यार्थ्याला घाई नसेल, तर परवान्याची तयारी करत जूनपर्यंत थांबणं फायद्याचं. मागच्या वर्षी तयार झालेली शिल्लक गाडी किंवा डेमोची बाईक तेव्हा आणखी स्वस्त मिळू शकते. मात्र पुढे विकताना गाडीचं उत्पादन वर्ष मोजलं जातं, हे ध्यानात ठेवून तेवढा भाव आधीच उतरवून घ्यावा.

दुकानदार किंमत उतरवत नसेल तर वस्तू मागाव्यात. पहिलं सर्व्हिसिंग मोफत, लॉक, हेल्मेट किंवा जॅकेटवर सूट. दुकानाला त्यांचा खर्च छापील किमतीपेक्षा कमी येतो, म्हणून दुकानदार लवकर तयार होतो. जुनी गाडी द्यायची असेल आणि कर्ज काढायचं असेल, तर हे दोन व्यवहार नव्या गाडीच्या भावात मिसळू देऊ नयेत. आधी गाडीचा भाव, मग जुन्या गाडीचा, मग कर्ज. दुकानातून कर्ज घेताना दुकानाला दलाली मिळू शकते. आकारलेल्या व्याजदरावर दुकानाची कमाई वाढण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात 1 नोव्हेंबर 2018 पासून बंद झाली, तरी बँकेचा दर विचारून मगच सही करावी. टीएसीत गाडीची चोरी किंवा नुकसान येत नाही. त्यासाठी वेगळा विमा लागतो आणि तरुण चालकाला तो महाग पडतो, म्हणून त्याचे भाव सहीआधीच काढावेत.

बोलणं शांतपणे, पण स्पष्ट करावं. “पलीकडच्या दुकानाने लेखी इतके सांगितले आहेत, तुम्ही जुळवता का?” एवढं पुरतं. खोटा भाव सांगू नये. विक्रेता कागद मागतो आणि आपण विश्वास गमावतो. ‘आजच ठरवा, उद्या हा भाव नाही’ असं कोणी म्हणालं तर निःशंकपणे बाहेर पडावं. घाईत केलेली सही सगळ्यात महाग पडते.

वाचलेले पैसे कुठे घालायचे, हेही आधीच ठरलेलं असावं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 2018 पासून ‘मोटोकॅप’ या योजनेत बाईकस्वारांच्या जॅकेट, पँट आणि हातमोज्यांची चाचणी घेऊन ताऱ्यांत गुण दिले जातात, ते कुणालाही मोफत पाहता येतात. घरापासून हजारो किलोमीटर दूर, ओल्या रस्त्यावर आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या अंगावर काय आहे, हा गाडीच्या रंगापेक्षा मोठा प्रश्न आहे. भावात वाचवलेले पाचशे डॉलर चांगल्या जॅकेटमध्ये गेले, तर ती घासाघीस सार्थकी लागली असं समजावं.