२५ जून: एकच तारीख, संगीताचे तीन किस्से आणि तुमच्या फोनमधलं तंत्रज्ञान

२५ जून म्हटलं की आपल्याला काय आठवतं? १९८३ सालचं लॉर्ड्सचं मैदान आणि कपिल देवच्या हातातला वर्ल्ड कप! पण पॉप संगीताच्या इतिहासातही हीच तारीख तीन वेळा गाजली आहे. मजा म्हणजे या तिन्ही घटनांची खूण आज आपल्या मोबाईलमध्ये सापडते. कशी? चला, एकेक करून पाहूया.

१९६७: उपग्रहावरून जगभर पोहोचलेलं गाणं

आज इन्स्टाग्रामवर अनेक जण लाइव्ह जातात. १९६७ मध्ये मात्र एका खंडातलं चित्र त्याच क्षणी दुसऱ्या खंडात दाखवणं हीच मोठी गोष्ट होती. २५ जूनला ‘अवर वर्ल्ड’ नावाचा कार्यक्रम एकाच वेळी २४ देशांत दाखवला गेला. १४ देशांनी त्यात आपापला भाग सादर केला. नियम दोनच: सगळं लाइव्ह हवं आणि पडद्यावर राजकारणी नकोत. तरी राजकारण आडवं आलंच. अरब-इस्रायल युद्धाच्या वादावरून सोव्हिएत रशिया आणि त्याचे मित्रदेश काही दिवस आधी बाहेर पडले.

ब्रिटनकडून आले बीटल्स. लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत त्यांनी ‘ऑल यू नीड इज लव्ह’ हे नवं गाणं सादर केलं. मागचा काही भाग आधीच रेकॉर्ड केलेला होता, पण गाणं आणि वाद्यवृंद लाइव्ह होता. प्रेक्षकांचा अंदाज ४० कोटींपासून पुढे सांगितला जातो.

हे जमलं कसं? पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून खालून पाहिलं तर तो एका जागी थांबल्यासारखा वाटतो. जमिनीवरून सिग्नल वर पाठवायचा आणि उपग्रहाने तो दुसऱ्या खंडात खाली सोडायचा. या प्रवासाला साधारण पाव सेकंद लागतो. अशा उपग्रहांपैकी ‘अर्ली बर्ड’ १९६५ मध्ये सोडला होता. त्याची क्षमता किती? एका वेळी २४० फोन कॉल किंवा फक्त एक टीव्ही चॅनल!

आणि आपल्याकडे? तेव्हा भारतात टीव्ही केंद्र फक्त दिल्लीत होतं. मुंबईत टीव्ही आला १९७२ मध्ये. शिवाय भारतीय वेळेनुसार हा कार्यक्रम मध्यरात्रीनंतरचा, म्हणजे आपल्या घड्याळात २६ जून उजाडला होता.

१९८४: गाण्याशेजारचा तो छोटा ‘ई’

स्पॉटिफायवर काही गाण्यांच्या नावाशेजारी इंग्रजी ‘ई’ अक्षराचा छोटा चौकोन दिसतो, तो कधी पाहिलाय? त्याचं मूळ शोधत गेलं की आपण २५ जून १९८४ ला पोहोचतो. त्या दिवशी अमेरिकेत प्रिन्स या गायकाचा ‘पर्पल रेन’ अल्बम आला आणि प्रचंड गाजला. टिपर गोर यांनी तो आपल्या मुलीसाठी घेतला. त्यातल्या ‘डार्लिंग निकी’ या गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरल्या. त्यांचे पती अल गोर तेव्हा राजकारणात होते, पुढे ते उपराष्ट्राध्यक्षही झाले.

१९८५ मध्ये टिपर गोर आणि इतर काही महिलांनी पालकांची संघटना उभी केली. अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि फ्रँक झप्पा, जॉन डेन्व्हर यांच्यासारख्या कलाकारांनी तिथे जोरदार विरोध केला. शेवटी कायदा झाला नाही, पण रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतःहून इशाऱ्याचं लेबल लावायचं मान्य केलं. कॅसेट-सीडीवरचं ते काळं-पांढरं लेबल ॲपच्या काळात ‘ई’ झालं. धाकट्या भावंडाच्या हातात फोन देताना सेटिंगमध्ये जाऊन अशी गाणी बंदही करता येतात.

२००९: एका बातमीने इंटरनेट अडखळलं

२५ जून २००९ ला लॉस एंजेलिसमध्ये मायकल जॅक्सनचा मृत्यू झाला. तिथे दुपारचे २ वाजून २६ मिनिटं झाली होती, भारतात पहाटेचे जवळजवळ तीन. मुंबईकरांनी १९९६ मध्ये अंधेरीत त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं, त्यामुळे सकाळी इथेही दुसरा विषय नव्हता.

पण त्याआधीच इंटरनेटची दमछाक झाली होती. त्याचं नाव एवढ्या लोकांनी एकदम शोधलं की गुगल न्यूजच्या यंत्रणेला तो सायबर हल्ला वाटला! सुमारे २५ मिनिटं काही लोकांना बातमीऐवजी माफीचं पान दिसत होतं. ट्विटर मंदावलं, काही मेसेजिंग सेवा बंद पडल्या.

विकिपीडियाची अडचण सगळ्यात शिकण्यासारखी आहे. प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने तयार करणं जड काम असतं. म्हणून तयार पानाची प्रत साठवून तीच सगळ्यांना दिली जाते. यालाच कॅश म्हणतात. झेरॉक्सच्या दुकानासारखं समजा: नोट्स एकाने लिहिल्या, बाकीच्यांनी झेरॉक्स काढली.

आता त्या दिवशी काय झालं? लोक जॅक्सनचं पान सारखं बदलत होते. बदल झाला की जुनी झेरॉक्स बाद. मग एकाने नवी प्रत लिहायची आणि बाकीच्यांनी थांबायचं, हे शहाणपणाचं. पण तिथे अनेक सर्व्हर एकाच वेळी तेच पान पुन्हा लिहायला बसले आणि यंत्रणा कोलमडायला लागली. पुढे विकिपीडियासाठी ‘पूलकाउंटर’ नावाची सोय केली गेली: एक सर्व्हर पान तयार करेल, बाकीचे थांबतील किंवा जुनी प्रत दाखवतील. तंत्रज्ञांनी या प्रश्नाला नावच दिलं, ‘मायकल जॅक्सन प्रॉब्लेम’.

मग फरक कुठे आहे?

१९६७ मध्ये कोट्यवधी लोकांनी पाहिलं, तरी काही कोसळलं नाही. २००९ मध्ये का कोसळलं? कारण टीव्ही म्हणजे देवळावरचा भोंगा. आरती एकदाच म्हणायची, दहा जण ऐकोत की दहा हजार, भोंग्याला फरक पडत नाही. इंटरनेट म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन करून आरती ऐकवणं. माणसं वाढली की कामही तेवढंच वाढतं.

यावर उपाय म्हणून आज व्हिडिओच्या प्रती तुमच्या जवळच्या शहरातल्या सर्व्हरवर ठेवतात. याला सीडीएन म्हणतात. म्हणून तर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते आणि सामना चालू राहिला.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

पहिलं: निकालाच्या दिवशी साइट उघडत नसेल तर सारखं रिफ्रेश करू नका. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे रांगेत आणखी एक माणूस. थोडं थांबा, पाच-दहा मिनिटांनी पाहा.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं: त्याच २५ जून २००९ ला अभिनेता जेफ गोल्डब्लम वारला, अशीही बातमी जगभर पसरली. तो ठणठणीत होता! खऱ्या बातमीच्या गर्दीत खोटी बातमी बेमालूम मिसळते. यंत्रणा आता बऱ्याच सुधारल्या आहेत, पण फॉरवर्डचं बटण अजून आपल्याच बोटाखाली आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकण्याआधी दोन ठिकाणी खात्री करा, मगच पाठवा.