मिडवाइफ म्हणजे कुणाची बायको?

परवाचीच गोष्ट. शाळेतून येऊन कुकर लावते आहे, तोच आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हातात एक छापील अर्ज घेऊन दारात उभ्या. थोरल्या मुलीला नर्सिंगच्या ‘एएनएम’ला घालायचं ठरलेलं, पण त्यातला ‘एम’ म्हणजे ‘मिडवाइफ’ असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि घरात खळबळ!

“बाई, वाइफ म्हणजे बायकोच ना? आणि मिड म्हणजे मधली? असलं नाव पोरीच्या कागदावर लागलं तर उद्या सोयरीक कशी जमायची? तिचे बाबा नकोच म्हणतात.”

हसू आलं खरं. पण मैत्रिणींनो, मला तरी कुठं ठाऊक होतं? बी. ए. ला इंग्रजी घेतलेलं, तरी आई आणि बाळ यांच्या ‘मधली’ ती मिडवाइफ, असंच मी आजवर धरून चाललेली! गॅस बारीक केला नि शब्दकोश काढला.

तर ऐका. यातल्या ‘मिड’चा मध्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘मिड’ म्हणजे ‘सोबत’. जर्मन भाषेत ‘मिट’ अजून त्याच अर्थानं वापरतात. इंग्रजीत त्याची जागा ‘विथ’नं बळकावली आणि बिचारा ‘मिड’ या शब्दात तेवढा अडकून राहिला. ‘वाइफ’ म्हणजे तेव्हा नुसती बाई. लग्न झालेलं असो वा नसो. मासे विकणारी ती ‘फिशवाइफ’, तशी बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई ती मिडवाइफ. सुमारे सातशे वर्षांचा जुना शब्द आहे हा. (आता तर ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्या पुरुषालाही मिडवाइफच म्हणतात!)

डॉक्टरांचा ‘ऑब्स्टेट्रिक्स’ हा शब्द लॅटिनमधून आला. तिथं सुईणीला ‘समोर उभी राहणारी’ म्हणत. आपली सुईण मात्र ‘सूति’वरून, म्हणजे ‘प्रसूती’तलीच. मला विचाराल तर ‘सोबत असणारी’ हेच नाव अधिक गोड.

हे सगळं सांगितलं तशा मावशी पायरीवर टेकल्या. “सोबतच हो! धाकटीच्या वेळी पाऊस मी म्हणत होता, हे परगावी. रात्रभर सुईणआजीच तेवढी हात धरून बसलेली.” मग जरा गप्प बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला.

“आज रात्री ह्यांना मीच सांगते. तुम्ही एवढं भरून द्या. आणि फोटो किती लागतात हो?”