लस मुलीला, संमती आईची

१९९२ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी ही नावे साऱ्या महाराष्ट्राला ज्ञात झाली. परंतु त्याच डोंगरी मुलखातील वारली, कोकणा, कातकरी स्त्रियांच्या ज्या व्याधींची सरकारदरबारी फारशी वाच्यता झाली नाही, त्यांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विचार आता निकडीने करावयास हवा, कारण हा रोग बव्हंशी टाळता येतो. तरीही २०२२च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाकाठी सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो जडतो आणि ८० हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावतात.

त्याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत आहे, ह्या शोधाबद्दल हाराल्ड त्सूर हाउसेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की एकनिष्ठ गृहिणीलाही तो लागू शकतो. तेव्हा त्यावरून कोणा स्त्रीच्या शीलाची चर्चा करणे हे अज्ञान तर आहेच, पण क्रौर्यही आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो; जिच्या ठायी तो ठाण मांडून बसतो, तिला पुढे दहा-वीस वर्षांनी कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून लागण होण्यापूर्वीच, ९ ते १४ ह्या वयात, मुलीला ह्या विषाणूवरची लस द्यावयाची आणि तिशी ओलांडलेल्या आईने तपासणी करून घ्यावयाची.

तपासणीचा प्रभाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत सिद्ध झालेला आहे. टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय ह्यांच्या सहभागाने सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ह्या अभ्यासात, विषाणूच्या केवळ एका चाचणीने व त्यानंतरच्या उपचाराने ह्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

लशीचा इतिहास मात्र सरळ नाही. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात एका प्रकल्पात मुलींना लस टोचली गेली. त्यांत वसतिगृहांतील आदिवासी मुली होत्या आणि कित्येकींच्या संमतिपत्रावर आईबापांऐवजी अधीक्षकांनी सही केली होती. पुढे काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. मृत्यूंचे कारण लस असल्याचे चौकशीत आढळले नाही, पण संमतीची हेळसांड उघडकीस आली. २०१० साली स्थगितीचा हुकूम निघाला आणि बार्शी, पुणे, मुंबई येथील निराळ्या संशोधनातील पुष्कळ मुलींना ठरलेल्या सर्व मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली. त्या मुलींच्या पाठपुराव्यातून एका मात्रेचेही संरक्षण टिकून राहते, हे ध्यानी आले; २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी मानली, त्यामागे हाही पुरावा होता.

जव्हार आणि शेजारच्या मोखाड्याला एका मात्रेचा आणि संमतीचा हे दोन्ही धडे लागू पडतात. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांकडे स्थलांतर करतात आणि मुली आश्रमशाळेत राहतात. अशा ठिकाणी दुसऱ्या मात्रेचा हिशेब ठेवणे दुर्घट, म्हणून एक मात्रा हे मोठेच वरदान. पण मुख्याध्यापकांची सही म्हणजे आईची संमती नव्हे. ‘लशीने मूल होणार नाही’ ही शंका आईने विचारावी आणि तसे काही होत नाही हे आशाताईने तिला तिच्या बोलीत, शांतपणे समजावून द्यावे. ह्यासाठी बैठक भरवायची ती कुटुंबे पाड्यावर असतात त्या दिवसांत, दिवाळीपूर्वी. आणि तेथेच त्या आईच्या स्वतःच्या ‘पिशवीच्या तोंडाच्या’ तपासणीची तारीखही मुक्रर करून द्यावयाची.