गृहीतागमा

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी भाचीने विचारले, "मामा, मुंबई युनिव्हर्सिटी की एसएनडीटी? डिग्रीला किंमत सारखीच ना?" फी, लोकल, हॉस्टेल यांचा हिशेब तिने आधीच मांडला होता. मी "सारखीच" म्हणालो खरा, पण एसएनडीटी काढणाऱ्या कर्व्यांच्या आठवणी वाचायचे माझे जुने वेड तिथेच उसळले. कारण पस्तीस वर्षे ती किंमत सारखी नव्हती.

मुंबई विद्यापीठाची हकिगत सर्वांना ठाऊक आहे: १८५७, राजाबाई टॉवर, इंग्रजी. अण्णासाहेब कर्वे तिथलेच पदवीधर. मला गुंतवते ते १९१५ मधले एक चोपडे. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी ही पुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली, ती काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी धाडलेली. कामाच्या धबडग्यात अण्णांनी ती बाजूला ठेवली. पुढे मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद गळ्यात पडले, भाषणाला विषय हवा होता, तेव्हा ती पुन्हा हाती आली. डिसेंबरात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ च्या जुलैत पुण्यात पाच विद्यार्थिनींवर कॉलेज सुरू झाले. टपालातली न वाचलेली चोपडी रद्दीत टाकणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे ध्यानात ठेवावे.

इथे शिकवणे मातृभाषेतून, इंग्रजी फक्त सक्तीचा विषय. तेवढी सक्तीही गांधीजींना रुचली नव्हती. पदवीचे नाव बी.ए. नव्हे, जी.ए., म्हणजे 'गृहीतागमा', जिने विद्या ग्रहण केली ती. त्यावरची पी.ए., 'प्रदेयागमा', विद्या देऊ शकणारी. नावे सुरेख, पण सरकारदरबारी त्यांना मान्यता नव्हती. म्हणजे त्या काळच्या मुलीपुढे खरा पेच होता: परक्या भाषेत घोकून मुंबईची चलनी पदवी घ्यायची, की आपल्या भाषेत समजून घेत बिनमान्यतेची?

अभ्यासक्रमाबद्दल मात्र मी अण्णांशी भांडतो. गृहशास्त्र आणि आरोग्याला मानाचे पान, गणित आणि भौतिकशास्त्र ऐच्छिक. आणि हे ठरवणारा गृहस्थ १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवत होता! कॉर्नेलिया सोराबजीने १८८० च्या दशकातच मुंबईची पदवी मिळवून दाखवली होती. बायकांना काय झेपते याचा पुरावा समोर होता.

पैसा मात्र दोन्हीकडे कापसाचाच. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या दलालाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला मनोरा त्याच्या आईच्या, राजाबाईच्या नावाने ओळखला जातो. गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी विश्वेश्वरय्यांबरोबर जगप्रवासाला गेले, त्यांनी टोकियोचे ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले आणि १९२० मध्ये कर्व्यांना पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. तिचे वर्षाचे व्याज ५२,५००. बदल्यात विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला आले आणि दोन शेठांच्या दोन आया एका गावात नांदू लागल्या.

मान्यतेचा कायदा १९४९ चा, अंमल १९५१ पासून. त्याआधी कितीजणींनी जी.ए. हे नावापुढे लावले आणि नोकरीच्या अर्जावर "हे काय?" असे ऐकून घेतले असेल, हे मी भाचीला सांगत होतो. तोवर तिने दोन्ही अर्ज भरले होते आणि मार्कशीटचा फोटो अपलोड होत नाही म्हणून माझा मोबाइल मागत होती.