झूम भिंग व प्रतिमेची गुणवत्ता
छायाचित्रणात केंद्रांतर अखंडपणे कमीजास्त करता येणाऱ्या भिंगसंचास झूम भिंग म्हणतात. ३५ मिमी. स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठीचे पहिले झूम भिंग ‘झूमार’ (३६ ते ८२ मिमी.) हे १९५९ मध्ये प्रचारात आले, त्याची रचना फ्रँक बॅक यांनी केली होती. संचातील काही भिंगे सरकवून केंद्रांतर वाढविले असता दृश्याचा लहान भाग संपूर्ण संवेदकावर पडतो व अधिक तपशील नोंदला जातो. मात्र सर्व केंद्रांतरांना विपथने सारखीच दूर करता येत नसल्याने टोकाच्या केंद्रांतरांना प्रतिमेच्या कडा बहुधा किंचित अस्पष्ट येतात. कॅमेरा हलल्याचा दोषही अधिक जाणवतो.

अंकीय झूममध्ये भिंग न हलता प्रतिमेचा मधला भागच वाढविला जातो. दुप्पट विवर्धनास लांबी व रुंदी निम्मी घेतली जात असल्याने २४० लाख चित्रबिंदूंपैकी ६० लाखच उरतात. उरलेले शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरले जातात. प्रतिमा मोठी दिसली, तरी न नोंदलेला तपशील तीत येत नाही. यामुळे दूरच्या वाहनाचा क्रमांक वा शिलालेखातील अक्षर वाचावयाचे असल्यास छायाचित्र घेतानाच जवळ जाणे अथवा झूम भिंग वापरणे इष्ट असते.