आकाशातील सहा खोल्या

माझी उभी हयात इतरांच्या पैशाचा हिशेब ठेवण्यात गेली. विमानाच्या प्रथम श्रेणीतील खासगी ‘सूट’चे दर कधी वाचनात आले, तरी ते आपल्या खात्याचे नव्हेत म्हणून मी पान उलटीत असे. परंतु सौ.च्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि सलग तासाभराहून अधिक बसू नये असे डॉक्टरांनी बजावले. चिरंजीव सिंगापूरला, नातू दोन वर्षांचा झाला तरी आम्ही त्याला मोबाईलच्या पडद्यावरच पाहिलेला. चिरंजीवांनी नोकरीच्या प्रवासातून साठवलेले सारे ‘माइल्स’ खर्चून मुंबई–सिंगापूर विमानात दोन सूट राखून ठेवले. बिझनेस वर्गातही आसनाची शय्या होते, पण त्या तारखेला माइल्सवर तेथे जागा नव्हती. मी विरोध केला. “बाबा, आईला झोपून येता येईल असा दुसरा मार्ग सांगा,” एवढेच ते म्हणाले. मजजवळ उत्तर नव्हते.

बांद्याहून मोपा विमानतळ हाकेच्या अंतरावर. तेथून मुंबई, आणि रात्री उशिरा सिंगापूर एअरलाइन्सचे एअरबस ए-३८०. याच कंपनीने २५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर–सिडनी मार्गावर हे दुमजली विमान जगात प्रथम प्रवाशांसाठी उडवले. त्या वेळी त्यात बारा सूट होते. नव्या रचनेत सहाच उरले. विमानात एकूण ४७१ जागा: सूट ६, बिझनेस ७८, प्रीमियम इकॉनॉमी ४४ आणि इकॉनॉमी ३४३. वरच्या मजल्याचा पुढला भाग या सहा खोल्यांनी व्यापला आहे. प्रत्येकीत फिरती चामडी खुर्ची, भिंतीतून उघडणारी स्वतंत्र शय्या, कपड्यांचे कपाट आणि सरकते दार. आमच्या दोन खोल्यांमधला पडदा खाली सरकवला की दोन्ही शय्या एक होत. उड्डाण होईपर्यंत मात्र पट्टा बांधून खुर्चीतच बसावे लागते आणि दारही उघडे ठेवावे लागते. नियम सर्वांना सारखा.

व्यापारी वाचकांना यातील गणित सांगावेसे वाटते. विमानातील जागा हा नाशवंत माल आहे. विमान सुटले की रिकाम्या जागेची किंमत शून्य. म्हणून काही जागा कंपन्या माइल्सवर देतात. आपल्याला ते माइल्स फुकट भासतात, पण कंपनीच्या ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला लिहिलेले असतात. आम्हाला रोखीने फक्त कर आणि शुल्क भरावे लागले.

दार लागणाऱ्या अशा खोल्या आपल्या मुंबईच्या जेट एअरवेजनेही २००७ सालीच आणल्या होत्या. तिच्या बोइंग ७७७ विमानांत असे आठ सूट होते. त्याच वर्षी तिने १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा विकत घेतली. पुढे मंदी आली आणि यांतील कित्येक विमाने परदेशी कंपन्यांना भाड्याने द्यावी लागली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे उड्डाण झाले. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांचे कर्ज थकले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. मखमली गादीवर पडल्या पडल्या माझ्या मनात हेच येत होते. बँकवाल्याची खोड, दुसरे काय!

आता गंमत ऐका. सेविका भोजनाची यादी घेऊन आली. जैन आहार आम्ही आगाऊ नोंदवला होता आणि कंपनीने तो चोख आणला होता. परंतु आम्हा दोघांचा चौविहार. मुंबईत नातलगांकडे सूर्यास्तापूर्वीच जेवण उरकलेले. सौ.ने हात जोडून पाणीही नाकारले. बिचारी तीन वेळा विचारून गेली. काही चुकले तर नाही ना, अशी चिंता तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. शेवटी मी सूर्याचे कारण समजावले, तेव्हा तिने वाकून नमस्कार केला आणि सौ.च्या पाठीखाली आणखी एक उशी सरकवली.

सौ. चार तास शांत झोपली. शस्त्रक्रियेनंतर इतकी सलग झोप मी प्रथमच पाहिली. झोपण्यापूर्वी तिने एकच मागणी केली होती: “अहो, ते दार थोडे उघडे राहू द्या, कोंडल्यासारखे होते.” आमच्या बांद्याच्या घराचे दार दिवसभर उघडे असते. लाखमोलाचा तो एकांत आम्ही वीतभर फटीसह उपभोगला.

पहाटे क्षितिजावर तांबूस रेषा उमटली. सेविकेला आमचे सूर्याचे कारण आठवले असावे. ती लगबगीने न्याहारी विचारायला आली. सौ. म्हणाली, “इतक्या उंचीवरून सूर्य लवकर दिसतो, खाली अजून उगवला नसेल.” सिंगापूरला सूर्य सात वाजण्याच्या सुमारास उगवतो आणि त्यापुढे नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे. विमान तोवर उतरणीला लागले होते.

घरी सूनबाईंनी दूध तापवून ठेवले होते. नातू आधी आजीकडे पाहून आईच्या मागे लपला. मग हळूच येऊन त्याने तिच्या ताटलीतील खाकरा उचलला.