जुन्या कॉम्प्युटरला कोणता भाग घालावा?

पिंपरी कॅम्पातील दुकान असो, भोसरी एमआयडीसीतला टर्निंगचा गाळा असो की चाकणचे फॅब्रिकेशन, पुष्कळ ठिकाणी बिले आणि जीएसटीचा हिशेब दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या कॉम्प्युटरवरच चालतो. तो सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, गिऱ्हाईक काउंटरवर खोळंबते आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "आता नवाच घ्या." ज्यांची ऐपत आहे त्यांनी खुशाल घ्यावा. आमचे म्हणणे एवढेच की एक-दोन भाग बदलून दुकानाच्या कामापुरते हेच यंत्र पुष्कळदा चालते. भाग मात्र असा निवडावा की उद्या यंत्र बदलले तरी पैसा बुडू नये.

आधी दुखणे ओळखावे. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून त्यातले आकडे पाहावेत. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल आणि प्रोसेसर वीस-तीसवर, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे.

हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावरची जागा शोधण्यात वेळ जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. म्हणून पहिला पैसा एसएसडीवर घालावा. जुन्या बोर्डासाठी अडीच इंची साटा एसएसडी मागावी. दुकानदार पातळ पट्टीसारखी एनव्हीएमई दाखवील, पण जुन्या बोर्डावर तिच्यासाठी जागा नसते, आणि जोडकार्डाने बसवली तरी तिच्यावरून विंडोज सुरू होईलच असे नाही. एच ६१ हा बोर्ड आपल्याकडे पुष्कळांकडे आहे. त्यावर साटा एसएसडी आपल्या निम्म्याच वेगाने चालते, तरीही हार्ड डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो.

रॅम घेताना डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जुनी पट्टी काढून सोबत न्यावी, हे उत्तम. विंडोज ३२ बिटची असेल तर साधारणपणे चार जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही. आधी ६४ बिटची विंडोज घालावी लागते. हिशेबाच्या कामाला आठ जीबी पुरे होते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे दर फार चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांसाठी कारखान्यांचा माल तिकडे वळला. म्हणून टापकीर गल्लीत दोन-चार दुकाने विचारल्याशिवाय सौदा करू नये.

प्रोसेसरच्या मोहात पडू नये. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा आणि आठव्या पिढीचा सॉकेट नावाने एकच, ११५१. पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही. पन्हा सारखा म्हणून दोन थानांचा पोत सारखा नसतो, तसेच हे. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतच्या यंत्रात एसएसडीपलीकडे मोठा खर्च करू नये. एसएसडी उद्या नव्या यंत्रात बसेल, जुन्या बोर्डाचा प्रोसेसर आणि डीडीआर ३ ची रॅम बसणार नाही. अशा यंत्रावर हिशेब ठेवावा; बँकेचे व्यवहार दुसऱ्या, दुरुस्त्या मिळणाऱ्या यंत्रावर करावेत.

चाकण-भोसरीच्या कारीगरांसाठी एक वेगळी गोष्ट. जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवायला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो. तो जुन्या यंत्रात असतो, नव्यात सहसा नसतो. असे यंत्र भंगारात घालण्यापूर्वी मागची बाजू पाहून घ्यावी.

वर्कशॉपमध्ये लोखंडाची बारीक धूळ आणि आमच्यासारख्यांच्या दुकानात कापडाचा भुसा पंख्यात अडकतो. यंत्र तापले की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. पुष्कळदा नुसती सफाई आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलल्यानेही काम भागते. तारीख रोज मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलावा. तारीख चुकली की पोर्टलही नीट उघडत नाही. ग्राफिक्स कार्ड घालायचे असेल तर आधी एसएमपीएसची ताकद पाहावी. डेल, एचपी यांच्या पुष्कळ ऑफिस मॉडेलांत बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, हे लक्षात असू द्यावे.

काम सुरू करण्यापूर्वी हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. खरेदीचे बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावे, त्यावर भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटी त्यावरच मिळते. काढलेली हार्ड डिस्क महिनाभर तरी कपाटात ठेवावी, आणि तिच्यातली खाती पुसल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नये.